खडीतलं घरटं आणि माझ्या टिकल्यांचं पाकीट

एका पक्ष्याचं घर मी ‘शुभ सकाळ’ लिहून मोडलं.

झालं, लिहून टाकलं एकदाचं. माझी नात हल्ली विचारते, “आजी, तुझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा आहे, मग पक्षी मोजायला जाताना तो का नेत नाहीस?” अर्धं जपानीत विचारते, अर्धं मराठीत. मी म्हणते, जड होतो गं. साफ खोटं. खरं उत्तर इथे लिहिते आहे. तिला मराठी वाचता येईल तेव्हा ती वाचेल, म्हणजे बहुतेक कधीच नाही, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका, त्या वयाची बाई फार धोकादायक असते. मुलगी मार्गी लागलेली, गुडघे अजून शाबूत, आणि आपल्याला जगातलं सगळं कळून चुकलंय अशी खात्री. त्या बाईचे फोटो आहेत माझ्याकडे. खिसेच खिसे असलेलं जाकीट, डोक्यावर टोपी, गळ्यात हातभर लांबीची लेन्स, आणि चेहऱ्यावर असं काही की जणू सिंहांनी तिला विचारूनच शिकार केली. तो चेहरा बघितला की मला अजून मळमळतं.

हे ध्यान तयार झालं आफ्रिकेत. नवऱ्याला साठ वर्षं झाली म्हणून आम्ही सफारीला गेलो. तोवर तीस वर्षं जपानात काढलेली. आधी त्याचं संशोधन, मग त्याची संस्थेतली नोकरी, आणि मी त्याच्यामागून टोकियोच्या कडेला, आधी ग्योतोकुला आणि मग निशी-कसाईला. एवढ्या वर्षांत चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी मी धड पाहिला नव्हता. पण सफारीच्या जीपमध्ये प्रत्येकाला पक्ष्यांची छापील यादी दिली आणि आमच्या पुढच्या बाकावर पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. त्या बाईने पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला जाहीर केलं, “आमचे एक्केचाळीस झाले हो!” बस. तिथे माझी सफारी संपली आणि परीक्षा सुरू झाली. गाइड नाव पुकारायचा, मी खूण करायची. पक्षी दिसला तर बरंच, नाही दिसला तरी गाइडला दिसलाय ना! आठ दिवसांत माझ्या यादीवर दोनशे अकरा खुणा झाल्या. पुण्याच्या बाईच्या एकशे अठ्ठ्याण्णव. परतीच्या विमानात मी त्या यादीवरून हात फिरवत होते. नवऱ्याने स्वतःची यादी दाखवली. अडतीस.

“एवढेच?” मी म्हटलं.

“जे दिसले ते,” तो म्हणाला. “तुझ्या यादीत दोन असे आहेत, जे दिसले तेव्हा तू घोरत होतीस.”

हा माणूस शास्त्रज्ञ आहे. घरात शास्त्रज्ञ असणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

असो. तर ही दोनशे अकरा पक्ष्यांची विदुषी निशी-कसाईला परतली आणि महिन्याभरात पक्षी मोजणाऱ्या एका गटात जाऊन बसली. सात-आठ निवृत्त माणसं, सगळी जपानी. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठला स्टेशनबाहेर जमायचं, खाडीच्या बाजूला जायचं, ठरलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने मोजायच्या आणि बाराला घरी. गटाची प्रमुख होती शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली एक बाई, तेव्हा सत्त्याहत्तरची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिला सगळे सेन्सेई म्हणत, म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’. मीही. आजही म्हणते.

पहिल्याच रविवारी मी पाण्यावरच्या बदकांकडे बघून एका झटक्यात म्हटलं, “तीन हजार!” आफ्रिकेत असंच म्हणायचे, आणि जीपमधले सगळे ‘वाऽऽ’ करायचे. इथे कुणीच वा केलं नाही. सेन्सेईंनी माझ्या हातात एक टिकटिक यंत्र दिलं. मुठीएवढं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने वाढतो. मग मला कळली यांची रीत. एकच थवा दोघं वेगवेगळे मोजतात. न बोलता. दोघांचं संपल्यावरच एकमेकांना आकडा सांगतात. फार फरक आला तर दोघंही पुन्हा पहिल्यापासून. मधेच थवा उडाला तर पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्या जोडीदारिणीच्या यंत्रात डोकावले, सहज, चौथीत गणिताच्या पेपराला डोकावायचे तशी. जोडीदारीण नेमक्या सेन्सेईच होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता यंत्रावर तळहात ठेवला. एवढंच. त्या थव्यात चारशे सात बदकं निघाली. माझ्या तीन हजारांचा कुणी पुन्हा उल्लेख केला नाही, हे तर फारच लागलं. आपल्याकडे निदान चिडवलं असतं.

मला तिथेच शहाणपण यायला हवं होतं. पण मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “फार कोरडी माणसं आहेत. पक्ष्यांचा आनंदच घेता येत नाही त्यांना.”

आता त्या खडीच्या मैदानाकडे येते.

आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर, नदीच्या बांधामागे, एक मोकळी जागा होती. कधीतरी गाड्या लावायला म्हणून खडी पसरली आणि मग तशीच सोडून दिली. बघण्यासारखं काही नाही. खडी, थोडं खुरटं गवत, गंजलेलं पिवळं फाटक, आणि लांब समुद्राकडच्या बागेतला तो मोठा आकाशपाळणा. इथे वसंतात एक छोटा पक्षी येतो, कंठेरी चिखल्या. मुठीत मावेल एवढा. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, जसं काही कुणी हळदीचं बोट फिरवलंय. हा घरटं बांधतच नाही. खडीत पायाने वाटीएवढा खळगा करतो आणि त्यात खडीच्याच रंगाची अंडी घालतो. पूर्वी या मैदानात तो अंडी घालायचा, पिल्लं काढायचा. मग सहा वर्षं आलाच नाही.

सेन्सेई त्या सहाही वर्षांत दर वसंतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. हे मला गटातल्या दुसऱ्या एकीने सांगितलं. सेन्सेई स्वतः असलं काही सांगत नसत.

आणि त्या मे महिन्यात तो आला. तिसऱ्या रविवारी सेन्सेईंनी आम्हाला बांधावर उभं केलं, तीन पायांची दुर्बीण लावली आणि प्रत्येकाला एकेक मिनिट बघू दिलं. जवळजवळ दोनशे पावलांवर खडीत एक खडा होता, आणि त्या खड्याला डोळा होता. “अंड्यांवर बसलाय,” सेन्सेई म्हणाल्या. आवाज लहान मुलाला झोपवताना असतो तसा. कॅमेरा कुणी काढायचा नाही. जागा कुणाला सांगायची नाही. खाली उतरायचं नाही. हे तीन नियम त्यांनी माझ्याकडे बघून सांगितले आणि मी तीन वेळा ‘हाय, हाय, हाय’, म्हणजे हो, हो, हो, म्हणून मान डोलावली. मला सगळं नीट कळलं होतं. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी बराच काळ असं दाखवलं की भाषेमुळे थोडं निसटलं असेल.

मग सेन्सेई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “उद्यापासून मी हॉस्पिटलात. मोतीबिंदू. दोन्ही डोळे, एकामागून एक. पुढच्या सोमवारपर्यंत मला बाहेर पडायचं नाही. तुम्ही सगळ्यांत जवळ राहता. रोज सकाळी बांधावरून बघाल का?”

त्यांनी मला एक कार्ड दिलं. पोस्टकार्डाएवढं. त्यावर सात चौकोन हाताने आखलेले, सोमवार ते रविवार. बसलेला दिसला तर गोल काढायचा, नाही दिसला तर फुली. “आणि काही वेगळं दिसलं,” त्या म्हणाल्या, “तर फोन करा. कधीही. मी कुणाला तरी पाठवेन. दोरी लावू, माणूस उभा करू. चोवीस-पंचवीस दिवस सांभाळले की झालं.”

सहा वर्षं वाट बघणाऱ्या बाईने सातव्या वर्षी आपले डोळे माझ्या हातात दिले. माझ्या! जिने चारशे सातचे तीन हजार केले होते.

सोमवारी गोल काढला. बांधावर पाच मिनिटं थांबले, घरी आले. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. एक गोल! दोनशे अकरा पक्ष्यांच्या बाईला एक गोल!

मंगळवारी मी कॅमेरा घेऊन गेले.

फक्त बांधावरूनच काढीन, असं सायकलवर बसताना ठरवलं होतं. बांधावरून तो पक्षी लेन्समध्येही शेंगदाण्याएवढाच दिसत होता. चार पायऱ्या उतरले. मग फाटकापर्यंत. मग फाटकाच्या बाजूच्या फटीतून आत, जाकिटासकट. ते फाटलं तिथे खिशाशी, अजून फाटकंच आहे. पक्षी उठला आणि पळाला, आणि दहा पावलांवर जाऊन एक पंख असा काही फरफटवायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, मोडला बिचाऱ्याचा. मला मात्र तसं वाटलं नाही. आफ्रिकेतल्या गाइडने असाच एक पक्षी दाखवला होता. अंड्यांपासून आपल्याला लांब न्यायला तो लंगडण्याचं सोंग करतो. जीपमधले आम्ही सगळे तेव्हा पोट धरून हसलो होतो. म्हणजे मला माहीत होतं. तो जीव तोडून मला सांगत होता, मला धर पण तिकडे जाऊ नकोस, आणि मी काय केलं? मी म्हटलं, “अरे वा! छान! अजून जरा इकडे!” आणि फोटो काढले. साठ-सत्तर. मागे मोठा पाळणा यावा म्हणून खाली बसून काढले. आता आठवलं तरी शी वाटतं. स्वतःचीच उलटी पायावर पडावी तसं.

मग अंडी शोधली. खरं तर अंड्यांनीच मला शोधलं. माझा बूट टेकणार तिथून वीतभर अंतरावर ती होती. चार. टोकं आत, जाड बाजू बाहेर, चौघी बहिणी पाय जवळ घेऊन झोपाव्यात तशी. मी गुडघ्यांवर बसले. फोटो काढला. पण फोटोत अंडी केवढी ते कळेना. खडी बारीक की जाड, कुणाला काय समजणार? शेजारी काहीतरी मापाला हवं. पर्स चाचपली आणि हाताला लागलं टिकल्यांचं पाकीट. मरून, मध्यम आकाराच्या. दादरहून बहीण पाठवते. ते पाकीट मी अंड्यांना टेकवून ठेवलं आणि फोटो काढला.

तेव्हा मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

कार्डावर मंगळवारचा गोल काढला. खोटा नव्हता तो, मी बांधावर परतल्यावर पक्षी येऊन बसला होता. बुधवारी सकाळी साडेसहाला निशी-कसाईतल्या आम्हा मराठी बायकांच्या ग्रुपवर मी दोन्ही फोटो टाकले. रोज कुणी ना कुणी फुलं, सूर्योदय, चहाचा कप टाकायचंच. मी लिहिलं, ‘शुभ सकाळ मैत्रिणींनो! आपल्या पाळण्याजवळचे हे चार मोती. आफ्रिकेच्या लेन्समधून, तुमच्यासाठी खास!’

तुमच्यासाठी खास. बघा कशी बाई होती ती.

आठ वाजेपर्यंत चव्वेचाळीस हात जोडलेले, अंगठे आणि फुलं आली. ‘काकू, तुम्ही ग्रेट आहात!’ ‘काकू, नॅशनल लेव्हल!’ एकीने लिहिलं, ‘टिकल्या कुठून घेतल्या?’ मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. मग त्यातल्या एकीने ते फोटो नवऱ्याला पाठवले, त्याने ऑफिसमधल्या फोटोवेड्या सहकाऱ्याला, त्याने आणखी कुठे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पाळणा सगळ्यांना ओळखता येत होता, पिवळं फाटक कोपऱ्यात आलंच होतं, आणि बाकीचं त्या फोटोवेड्यांना सायकल घेऊन शोधायला एक संध्याकाळ पुरली.

गुरुवारी सकाळी बांधावर तीन माणसं होती. ट्रायपॉड, लांब लेन्सा, माझीही लहान वाटावी अशा. पक्षी बसलेला होता. मी गोल काढला.

त्याच क्षणी फोन करायचा होता. माझ्याकडे नंबर होता. कार्डाच्या मागेच सेन्सेईंनी मोठ्या आकड्यांत लिहिला होता. ‘काही वेगळं दिसलं तर’ यापेक्षा वेगळं काय दिसायचं असतं? पण फोन केला असता तर पहिला प्रश्न आला असता, यांना कळलं कसं. म्हणून मी सायकल वळवली आणि वाटेत कोबी घेतला. कोबीची भाजी केली. गुरुवारच्या त्या कोबीच्या भाजीची मला आजतागायत शिसारी आहे. घरात केली तरी मी वाढून घेत नाही. फोटोचं एक वेळ माफ होईल, हौशी बाई, अक्कल कमी. हे मात्र अक्कल शाबूत ठेवून केलं.

शुक्रवारी दहा-बारा जण. शनिवारी मोजले मी, सवयच लागली होती. चौतीस. बांधावर नव्हे, खाली, खडीत. घडीच्या शिड्या आणलेल्या, त्यावर चढून लेन्सा रोखलेल्या. एकाच वेळी सगळ्यांचे कॅमेरे वाजले की कढईत फुटाणे भाजल्यासारखा आवाज व्हायचा. सिगारेटचा वास. रस्त्यावर कागदाचा कपटा न टाकणारी ही माणसं, पण गवतात भाताच्या गोळ्यांची प्लास्टिकं आणि कॉफीचे डबे पडलेले. हिरव्या टोपीतला एकजण गुडघ्यांवर बसून छोट्या कात्रीने अंड्यांभोवतीचं गवत कापत होता. का, तर मधे येतं. केस कापणाऱ्यासारखा मान तिरकी करून बघायचा, पुन्हा एक पातं कापायचा. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझं टिकल्यांचं पाकीट आणि याची कात्री यांत फार फरक नाही.

पक्षी लांब उभा होता. धावत यायचा, माणसं बघून थबकायचा, पंख ओढायचा, सगळे एकदम फुटाणे वाजवायचे, तो परत मागे. ऊन चढत होतं.

मी धीर करून हिरव्या टोपीवाल्याला म्हटलं, “सुमिमासेन, माफ करा हं, तो बसत नाहीये. जरा मागे जाऊ या का?”

तो मला बाईसाहेब म्हणत अगदी नम्रपणे बोलला, “सुमिमासेन, ओकुसान, तुमची सावली पडतेय. जरा बाजूला व्हाल का?”

आणि मी झाले बाजूला! वर ‘सुमिमासेन’ म्हणून.

मंडळी, अजून संपलं नाही. गळ्यात माझाही कॅमेरा होताच. बाजूला झाल्यावर कोन चांगला मिळाला. मी दोन फोटो काढले. चौतीस नव्हतो आम्ही त्या दिवशी. पस्तीस होतो. स्वतःला मोजायचं मी विसरले होते.

शनिवारच्या चौकोनात मी गोल काढला. तो मात्र खोटा. पक्षी बसलेला नव्हता आणि मी गोल काढला.

रविवारी सकाळी सहालाच गेले. माणसं अजून यायची होती. खडीत एक कावळा चालत होता. इथले कावळे आपल्याकडच्यांच्या दीडपट, चोच सांडशीसारखी. आदल्या दिवशीची भाताची प्लास्टिकं उचकत, निवांत, तो नेमका त्या जागेपर्यंत आला. आमच्या घरी सासूबाईंच्या श्राद्धाला मी याच्यासाठी पान वाढून तासतासभर हात जोडून उभी राहिले आहे, ये रे बाबा, शिव एकदा. इथे बोलवावंच लागलं नाही. पान मीच वाढून ठेवलं होतं, बुधवारी साडेसहाला. मी बांधावरून ओरडले, हातातली पाण्याची बाटली फेकली, ती पायऱ्यांवरच पडली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. चार वेळा.

नर-मादी, दोन्ही चिखल्या लांबून धावत येत होते आणि पंख ओढत होते. कावळा काही त्यांचा फोटो काढायला आला नव्हता, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवारच्या चौकोनात फुली काढली. मग शनिवारचा गोल खोडायला गेले, तर पेन पक्क्या शाईचं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे गं, एक पक्षीच तर. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, “अगं, चूक होते प्रयोगात. पण हा शनिवार का बिघडवलास?” आणि उठून आत गेला. तीस वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी बेसन भाजायला घेतलं. जपानात चुकीची माफी मागायला जाताना गोडाचा खोका न्यायचा असतो, दुकानातून, छान कागदात बांधलेला. मला दुकानात जायची लाज वाटत होती, म्हणून लाडू केले. बेसन जरा जास्तच भाजलं गेलं.

सोमवारी सकाळी आठला सेन्सेई बांधावरच्या बाकावर बसल्या होत्या. डोळ्यांना काळा मोठा चष्मा, कडेने बंद असलेला. खाली मैदानात कुणीच नव्हतं. फुटाणेवाले दुसऱ्या कुठल्या पक्ष्याकडे गेले असावेत. शिडीच्या पायांची भोकं मात्र खडीत तशीच होती.

मी वाकून नमस्कार केला. जपानी पद्धतीने, कमरेतून, आणि तशीच वाकून राहिले. शब्द पाठ करून आले होते, सगळ्यांत आदराचे, सगळ्यांत लांब. त्यांतला पहिला शब्दच तेवढा तोंडातून फुटला.

सेन्सेईंनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणी येत होतं. ऑपरेशनचं, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून बाकावर पसरला. गटातल्या कुणीतरी छापून आणून दिलेला माझाच फोटो. चार अंडी आणि टिकल्यांचं पाकीट. नव्या डोळ्यांनी त्यांनी आधी त्या पाकिटाकडे पाहिलं, आणि मग सावकाश वर, माझ्या कपाळाकडे.

मरून. मध्यम. सकाळी लावून आले होते. तेवढीही अक्कल नव्हती.

मी कार्ड पुढे केलं. “शनिवार खोटा आहे,” मी म्हटलं. “नव्हता बसलेला. गुरुवारी माणसं आली तेव्हाच फोन करायचा होता. केला नाही. फोटो माझा, हे तुम्हाला कळेल म्हणून.”

त्यांनी कार्ड वाचलं. सात चौकोन वाचायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मी उभीच. मग त्यांनी लाडवांचा डबा माझ्या हातातून घेतला, उघडला, एक उचलला आणि खाल्ला. पूर्ण. एक कण सांडू दिला नाही. रुमालाने बोटं पुसली. “करपलाय थोडा,” म्हणाल्या. मी मान डोलावली.

मग मला शेजारी बसवून त्यांनी पिशवीतून जाड वही काढली. त्या मैदानाची वही. दर वर्षाला एक पान, रकाने हाताने आखलेले: पक्षी आला कधी, बसला कधी, अंडी किती, पिल्लं किती. पिल्लांच्या रकान्यात जुन्या वर्षांचे आकडे होते, तीन, चार, दोन. मग सहा वर्षं काहीच नाही. अंड्यांच्या रकान्यात मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही आकडा नव्हता. नुसत्या आडव्या रेघा. मला वाटलं, राहून गेलं असेल.

सेन्सेईंनी त्या वर्षाचं पान उघडून वही माझ्या मांडीवर ठेवली, त्यावर पेन ठेवलं, चष्मा पुन्हा चढवला, आणि खाली खडीकडे बघत म्हणाल्या:

“आमच्यापैकी कुणी कधी इतकं जवळ गेलं नाही, म्हणून हा रकाना रिकामा आहे. तुम्ही गेलात, तर आता भरा. अंडी चार, पिल्लं शून्य. तुमच्याच अक्षरात लिहा. आणि तिसऱ्या रविवारी आठ वाजता या, कॅमेरा न घेता.”